ऑगस्टाचं पोट

कॉझमस मार्टिनोकडे काम असलं की विंडवर्ड गावात कुणी त्याच्या घरी जात नाही. सगळे किनाऱ्यावरच्या जंगली बदामाच्या झाडाखाली जातात. घरी तो जेवायला आणि झोपायला तेवढा असतो, आणि त्याची बायको डोरा म्हणते की तेसुद्धा पाहुण्यासारखा. त्या झाडाखाली त्याच्या आज्याने गलबतं बांधली, बापाने बांधली. डोंगरात हिंडून बोटीच्या फासळीला हवी तशी आधीच वाकलेली फांदी शोधायची आणि तीच तोडून आणायची, हे कॉझमस मिसरूड फुटायच्या आत शिकला. कागदावर रेघ न मारता त्याने उभं केलेलं गलबत पार ग्रेनाडापर्यंत माल वाहायचं. हे तो स्वतः सांगत नाही, पण कुणी सांगू लागलं तर थांबवतही नाही.

पुढे डोंगरावरची झाडं संपत आली आणि बेटावर फायबरग्लासच्या बोटी आल्या. कॉझमसने नाक मुरडलं. त्यातही बोटीच्या तळाच्या पोकळीत फोम ओततात, हे ऐकल्यावर तर त्याची हसून पुरेवाट झाली होती.

"बोटीच्या पोटात स्पंज भरायचा?" तो रमच्या दुकानात सगळ्यांना विचारायचा. "मग तिला समुद्रच प्यायला बसवा की."

मागच्या मोठ्या वादळाने त्याचं हे हसू बंद केलं. वादळ यायच्या आधी गावातल्या सगळ्यांनी बोटी खारफुटीत नेऊन बांधल्या होत्या. सकाळी लोक तिथे गेले तर जवळजवळ सगळ्या तळाला बसलेल्या, त्यात कॉझमसच्या हातच्याही. फोम भरलेली एकच बोट काठोकाठ पाण्याने भरूनसुद्धा इंजिनासकट तरंगत होती. कॉझमस कमरेइतक्या पाण्यातून तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या काठावर टेकला. बोट जराशी कलली, पण खाली गेली नाही. तो तिथे बराच वेळ बसून राहिला. आपण चुकलो असं तो कुणालाही म्हणाला नाही, तो त्याचा स्वभावच नाही. पण त्यानंतर फोमला नावं ठेवताना त्याला कुणी ऐकलं नाही.

शाळेमागच्या झुडपात 'मिस ऑगस्टा' नावाची फायबरग्लासची बोट पालथी पडली होती, ती त्याच वादळाने तिथे आणून टाकलेली. तिचा मालक न्यूयॉर्कला मुलाकडे राहायला गेला होता. त्याने फोनवर सांगितलं, कुणाला हवी असेल त्याने न्यावी. ती हवी होती व्हर्लिनला, म्हणजे कॉझमसच्या एकुलत्या एका मुलीला. व्हर्लिन ग्रेनाडाला एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायची. एक दिवस बॅग घेऊन परत आली आणि म्हणाली, मी आता मासेमारी करणार, आणि माझ्या बोटीवर मी एकटी असणार.

"एकटी कशाला?" डोराने विचारलं.

"दुकानात दिवसभर लोकच बघत होते, मम्मी. आता मासे बघेन."

डोराने आकाशपाताळ एक केलं. कॉझमसने तिला अडवलं नाही, कारण पोरगी कुणावर गेली आहे हे त्याला चांगलं माहीत होतं. व्हर्लिनने दोघांना एवढंच सांगितलं, की लाल स्नॅपर माशांचे दिवस लागले की मी जाणार. ऑगस्टा तयार असली तर ऑगस्टातून, नाहीतर टिलमन अंकलच्या बोटीतून.

टिलमन एनो हा कॉझमसचा शेजारी आणि लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या बोटीत मासे धरण्यापेक्षा पाणी उपसण्यातच जास्त वेळ जातो. तेव्हा कॉझमसला दुसरा मार्गच उरला नाही. पोरगी जाणार, हे ठरलेलं. मग बोट तरी अशी हवी, की पाण्याने भरली तरी तिच्या पायाखालून निघून जाणार नाही. बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल, पण एवढं जमायलाच हवं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

ऑगस्टाला झाडाखाली आणायला आठ माणसं लागली आणि त्यातल्या दोघांची कंबर धरली. एवढीशी बोट इतकी जड कशी, ते तिची आतली, पाय ठेवायची जमीन कापल्यावर कळलं. खाली जुना फोम होता, आणि तो वर्षानुवर्षं पाणी पीत बसला होता. व्हर्लिन फावड्याने काढायची आणि तो पाण्यात पडलेल्या पावासारखा तुटून यायचा.

"म्हणजे मी म्हणत होतो ते खरंच होतं," कॉझमस म्हणाला. "हा स्पंजच आहे."

"जुना झाला, डॅडी. शिवाय कुणीतरी जमिनीला भोकं पाडून ठेवलीत. नव्याची नीट काळजी घ्यायची."

नव्या फोमचे डबे जहाजातून आले. दोन प्रकारचे, एकात काकवीसारखं तपकिरी, दुसऱ्यात फिकट. दोन्ही सारखी घ्यायची, भराभर ढवळायची आणि फुगायला लागायच्या आत ओतून मोकळं व्हायचं. एक पेलाभर ओतलं तर बादलीभर होतं. व्हर्लिनने डब्यावरचं सगळं वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य कॉझमसच्या डोक्यात बसलं: ओतायची जागा कोरडी पाहिजे. ओल असली तर फोम भलताच फुगतो, पण आतून भुसभुशीत होतो आणि भिंतीला धरत नाही. असा फोम पुन्हा पाणी पिणार, म्हणजे पुन्हा तीच रड.

आणि नेमकी इथेच डोरा आडवी आली.

विंडवर्डला बोटीचं पोट बंद करायच्या आधी ते ओलं करतात. बाटलीतून थोडं पाणी, थोडी जॅक आयर्न रम, आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं. ती माणसं नाराज राहिली तर स्वप्नात येतात, आणि स्वप्नात येऊनही कुणी ऐकलं नाही तर बोटीतून आपला वाटा घेऊन जातात. कॉझमसच्या बापाने हे केल्याशिवाय एकही फळी ठोकली नव्हती. खुद्द कॉझमसनेही नाही.

"या वेळी नाही," कॉझमस म्हणाला.

"का नाही?"

"कारण आत ओल चालत नाही. डब्यावर लिहिलंय."

"डब्यावर," डोरा म्हणाली. "मिस्टर मार्टिनो, तुमचे वडील डब्यात पुरलेत का?"

तो चिडला की ती त्याला मिस्टर मार्टिनो म्हणते, आणि ती चिडली की तर म्हणतेच. टिलमन झाडाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "बाहेरून शिंपड की, डोरा. आतबाहेर काय, माणसं तीच."

"तुला जेवण बाहेर अंगणात फेकून दिलं तर चालेल का रे?"

टिलमन झाडामागे सरकला. कॉझमस मात्र ढळला नाही, आणि शेवटी डोरा घरी निघून गेली. ती इतक्यावर ऐकते, याचंच खरं तर त्याला नवल वाटायला हवं होतं.

नवी जमीन बसली. तिला वरून ओतण्यासाठी भोकं ठेवली. खाली मधोमध एक नळी टाकली, म्हणजे चुकून पाणी शिरलंच तर फोमखाली न अडकता मागच्या बुचाकडे जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळं ऊन पडल्यावर व्हर्लिनने ढवळलं, कॉझमसने ओतलं. फोम फुगला, भोकांतून वर आला, जमिनीवर पसरला आणि तरी थांबेना.

"काय वर आलाय," टिलमन म्हणाला. "माझ्या बायकोचा पाव असा फुगला असता तर मी घर सोडून इथे बसलो नसतो."

तिघंही हसले. कॉझमस सगळ्यात जास्त हसला, कारण त्याला वाटलं, जेवढा जास्त फोम तेवढं बरं.

संध्याकाळी त्याने वर आलेला फोम बोटांत धरला आणि त्याचा चुरा झाला. मग त्याने बोटीच्या कुशीवर बोटांनी ठोकलं. आयुष्यभर तो ठोकून लाकूड ओळखत आला होता. आवाज पोकळ आला. पुढे ठोकलं, मागे ठोकलं, तरी तेच. त्याने करवत घेतली आणि नव्याकोऱ्या जमिनीचा तुकडा कापून काढला. खाली फोमला अंगठा जाईल एवढी छिद्रं होती, आणि बोटीच्या भिंतीपासून तो सुटा झाला होता.

पुढचे दोन दिवस कॉझमस कुणाशी धड बोलला नाही. डबे जुने निघाले का, आपण ढवळण्यात कमी पडलो का, हात थरथरला का. त्याने उरलेलं थोडं एका बादलीत मिसळून पाहिलं, तर ते उत्तम घट्ट झालं. म्हणजे डब्यांचा दोष नाही. मग उरला तो स्वतः. जेवायला बसला की कुकूचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा घास हातात धरून तो भिंतीकडे बघत राहायचा. समुद्राचं काम करणाऱ्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडतो तेव्हा कसं वाटतं, ते त्याला या वयात कळत होतं, आणि ते फार वाईट होतं.

डोराला ते बघवेना. तिसऱ्या दुपारी तिने त्याच्यासमोर हिरव्या वाटाण्यांचा भात ठेवला, स्वतः समोर बसली आणि म्हणाली, "तुझे हात बरोबर आहेत. मी पाणी घातलं."

कॉझमसने वर पाहिलं.

"त्या सकाळी. तुम्ही उठायच्या आत. प्रत्येक भोकातून थोडं थोडं. पाणी पण आणि रम पण."

व्हर्लिन चुलीपाशी उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. "मम्मी, अगं, ती माझी बोट आहे. मी बुडाले असते."

"तू बुडू नयेस म्हणूनच घातलं," डोरा म्हणाली. "अर्विनच्या बोटीचं पोट कुणी ओलं केलं नव्हतं. घाई होती सगळ्यांना. मी तेव्हा म्हटलं होतं. नवी नवरी होते म्हणून कुणी ऐकलं नाही."

अर्विन हा तिचा धाकटा भाऊ. डोराचं लग्न झालं त्याच वर्षी आयल रोंड बेटाच्या वाटेवर त्याची बोट लाटेने भरली आणि गेली. बरोबरचा माणूस सापडला. अर्विन सापडला नाही. या घरात त्याचं नाव वर्षातून एकदा निघायचं, घरातल्या गेलेल्यांच्या नावाचं ताट मांडायच्या दिवशी, आणि तेही इतर नावांमध्ये मिसळून.

कॉझमसने ताट बाजूला सरकवलं. त्याला रागवायचं होतं. अख्खी बोट पुन्हा उकरावी लागणार होती, डबे संपले होते आणि स्नॅपरचे दिवस तोंडावर आले होते. पण बोलला तो वेगळंच.

"अर्विनची बोट का बुडाली ते मला माहीत आहे, डोरा. तिच्या पोटात दगड होते. वजनासाठी आम्ही दगड टाकायचो तेव्हा. पाणी भरलं की ती दगडासारखीच जाणार. तो चांगला पोहायचा. त्याला धरायला काही उरलं नाही म्हणून तो गेला." मग तो म्हणाला, "मी हा फोम डब्यावर लिहिलंय म्हणून ओतत नाहीये."

इतकी वर्षं एकाच माणसाचं दुःख दोघांनी दोन टोकांना बसून केलं होतं, आणि एकमेकांना विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाप-लेक पुन्हा उकरायला लागले. डोरा घमेलं घेऊन आली आणि चुरा उचलू लागली. नवे डबे यायला जहाजाची वाट बघावी लागली असती, पण टिलमनने स्वतःच्या बोटीसाठी आणून ठेवलेले डबे ढकलगाडीवर घालून आणले. टिलमन हा कुणाला आगपेटी दिली तर काड्या मोजून परत घेणारा माणूस. सगळे त्याच्याकडे बघतच राहिले.

"बघता काय? माझी बोट बुडायला सरावलेली आहे," तो म्हणाला. "व्हर्लिनने पहिल्या स्नॅपरचं डोकं मला द्यायचं. कालवणात घालायला. बस."

बोटीचं पोट साफ झालं. या वेळी कॉझमसने जमीन बसवलीच नाही, सगळं उघडं ठेवलं, म्हणजे ऊन थेट आत लागेल. मग तो घराकडे वळून ओरडला, "डोरा, तुझी बाटली आण."

डोरा दारात आली. "कशाला?"

"ओलं कर. हवं तेवढं कर, नावं घे, कुणाला विसरू नकोस. तुझं झालं की पुढचे दिवस उन्हाचे. मी ओतेन तेव्हा मला कोरडं पाहिजे."

"हे आधी सुचलं नाही तुला?"

"तुलाही नाही सुचलं."

ती बाटल्या घेऊन आली, पदर खोचल्यासारखी झग्याची कड गोळा करून बोटीत चढली, आणि पोटाच्या प्रत्येक खणात पाणी आणि रम शिंपडत नावं घेत गेली. कॉझमसच्या बापाचं, आज्याचं, तिच्या आईचं. अर्विनचं नाव तिने शेवटी घेतलं आणि उरलेली बाटली तिथेच रिकामी केली. टिलमन रमकडे हळहळून बघत होता.

त्यानंतर डोराने बोटीचा जो ताबा घेतला, त्याला तोड नाही. जिने पोट ओलं केलं, तीच आता जुन्या चादरीने कोपरे पुसत होती. ढग दिसला की ताडपत्री ओढायची, ऊन आलं की काढायची. कोंबड्या फिरकू देईना. टिलमन ग्लास घेऊन काठावर टेकला तर तिने त्याला असं हाकललं की तो थेट स्वतःच्या पायरीवर जाऊन बसला. रोज संध्याकाळी कॉझमस तळहात बोटीच्या तळाला लावायचा आणि तीही लावायची. एका संध्याकाळी दोघं एकदमच म्हणाली, "कोरडं आहे."

ओतायच्या दिवशी घाई कुणीच केली नाही. व्हर्लिनने थोडं थोडंच मिसळलं. ढवळायला किती वेळ, हे ठरवायला डोरा चर्चमधल्या एका गाण्याचं कडवं म्हणायची. कडवं संपलं की कॉझमस ओतायचा. मग फोम फुगून, गरम होऊन, निवेपर्यंत सगळे सावलीत बसून कोको प्यायचे. पुन्हा एक कडवं. फक्त तळाशी नाही, दोन्ही कुशींना वरपर्यंत भरलं, म्हणजे बोट भरली तरी उलटायची नाही. कॉझमसने नख दाबून पाहिलं, नख उमटलं नाही. ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. त्याने तो आवाज पुन्हा एकदा ऐकला, मग आणखी एकदा, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते त्याने लपवलं नाही. वर आलेला फोम करवतीने सारखा केला, जमीन बसवली आणि ती चारी बाजूंनी अशी बंद केली की मुंगी शिरू नये.

बोट पाण्यात घालायच्या दिवशी विंडवर्डला जेवण असतंच. डोराने वाटाण्याचा भात आणि मटण केलं, गाव जमलं, पाद्र्याने पाणी शिंपडलं आणि ऑगस्टा पाण्यात गेली. लोक टाळ्या वाजवून जेवणाकडे वळणार, इतक्यात कॉझमसने इंजिनाच्या जागी वाळूची पोती ठेवायला सांगितली, स्वतः पाण्यात उतरला आणि मागचं बूच काढलं.

"सगळ्या जगात," टिलमन म्हणाला, "आपली बोट बुडताना बघायला गाव जेवायला बोलावणारा हा पहिलाच सुतार."

कुणी हसलं, कुणी हसलं नाही. पाणी आत येत गेलं. ऑगस्टा खाली बसत गेली. पाणी बाकांवर आलं, मग बाकांच्याही वर. कॉझमस बादलीने आणखी पाणी ओतू लागला, व्हर्लिनही ओतू लागली, आणि शेवटी आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एक झालं. बोटीचा काठ तेवढा चार बोटं वर राहिला, पुढून मागून सारखा. तिथून ती हलली नाही. व्हर्लिन आत चढून बसली, छातीपर्यंत पाण्यात. काठ थोडा खाली गेला आणि थांबला.

"ऐक," कॉझमस तिला म्हणाला. "किनारा कितीही जवळ दिसला तरी हिला सोडून पोहायचं नाही. हिला धरून राहायचं. ही कुठे जाणार नाही."

"हो, डॅडी."

किनाऱ्यावर कुजबुज झाली, कारण डोरा पाण्यात उतरली होती. समारंभाच्या कपड्यांत, टोपीसकट. ती पाण्यातून सावकाश चालत बोटीपाशी आली. कॉझमसने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. तिने दोन्ही हात ऑगस्टाच्या काठावर ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकून काठ दाबला. काठ पाण्याखाली गेला. तिने हात सैल सोडले, तसा तो पुन्हा वर आला. तिने आणखी जोराने दाबला, अगदी दात-ओठ खाऊन, आणि तो पुन्हा वर आला.

"पुरे, मम्मी," व्हर्लिन हळूच म्हणाली.

डोराने काठ सोडला नाही. ती तशीच दोन्ही हातांनी धरून पाण्यात उभी राहिली आणि रडायला लागली.

"एवढंच हवं होतं त्याला," ती कॉझमसला म्हणाली. "धरायला एवढंच."

कॉझमस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानेही काठ धरला. किनाऱ्यावर जेवण निवत होतं, पण टिलमनने कुणालाही त्यांना हाक मारू दिली नाही.